अडतिसावी फेरी

गावच्या जत्रेची पत्रकं पूर्वी चिंचपोकळी स्टेशनच्या आसपासच्या भिंतींवरही चिकटलेली असायची. मुंबईतल्या चाकरमान्यांनी सुट्टी टाकून गावी यावं म्हणून. देवाच्या नावाखालोखाल मोठ्या अक्षरांत एक ओळ असे : निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान. त्यातल्या ‘निकाली’चा अर्थ मला कळला तो एक कुस्ती बरोबरीत सुटली तेव्हा. दोघे पैलवान बराच वेळ खडाखडी करत राहिले, शेवटी पंचांनी दोघांचेही हात वर केले, आणि आजूबाजूची माणसं चरफडत, धोतराची माती झटकत उठली. पाठ लागायला हवी होती. पाठीवर माती दिसायला हवी होती. त्याशिवाय पाहणाऱ्याचं मन भरत नाही आणि घरी जाऊन सांगायला गोष्टही उरत नाही.

हा शब्द पुन्हा आठवला तो एका आयरिश गाण्यामुळे. गाण्याचं नाव ‘मॉरिसी अँड द रशियन सेलर’. मी ते ऐकलं जो हीनीच्या आवाजात. हीनी हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कार्ना गावचा. पोटासाठी देश सोडला, न्यूयॉर्कमध्ये एका श्रीमंती इमारतीच्या दारावर दरवान म्हणून उभा राहिला, आणि १९८४ साली अमेरिकेतच वारला. त्याच्या गाण्याला साथ नाही. डफ नाही, तुणतुणं नाही, मागे झील धरणारे नाहीत. एकटा माणूस, हातांत काही नाही, आणि एका मुष्टियोद्ध्याची लढत पहिल्या ललकारीपासून शेवटच्या गुद्द्यापर्यंत सांगतो. आपल्या भाषेत याला एकच नाव आहे : पोवाडा.

गोष्ट साधी आहे. जॉन मॉरिसी नावाचा आयरिश वीर. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, टिएरा देल फ्युएगो इथे त्याला एक रशियन खलाशी भेटतो. कमरेचा पट्टा पाहून खलाशी म्हणतो, तू लढवय्या दिसतोस, होऊन जाऊ दे. मॉरिसी उत्तर देतो. दोघे उभे राहतात. सुरुवातीला रशियन वरचढ, पैजा लागतात, मग पारडं हळूहळू फिरतं, आणि शेवटी मॉरिसी जिंकतो. पेले भरले जातात. संपलं.

पण हे कसं सांगितलंय ते पाहण्यासारखं आहे. पहिला गुद्दा पडायच्या आधीच गाण्याचा मोठा भाग खर्ची पडतो, आणि त्यात नुसतं बोलणं आहे. आव्हान, उत्तर, वंशाचा अभिमान, गर्दीचं वर्णन. घाईच्या श्रोत्याला हा पाल्हाळ वाटेल. ज्याने परळच्या दामोदर नाट्यगृहात रात्र जागवून शक्ती-तुऱ्याचा सामना ऐकला आहे, त्याला वाटणार नाही. शक्ती-तुऱ्यातही नाच उशिरा रंगतो. आधी एक शाहीर दुसऱ्याला कोडं घालतो, त्याच्या गुरूचं नाव काढतो, उत्तर दे नाहीतर हार मान म्हणतो. मूठ वळायच्या आधी शब्द वळले पाहिजेत. आपल्याकडे विडा ठेवायचे, पुढे गदा आली, तिथे पट्टा. वस्तू समोर दिसली की भांडण सुरू व्हायला कारण लागत नाही.

मग लढत सुरू होते आणि शाहीर एकदम वेग बदलतो. फेऱ्यांमागून फेऱ्या एकेका कडव्यात उडवून देतो. हिशेब मात्र सोडत नाही. इतक्याव्या फेरीत हा पडला, तितक्याव्या फेरीत तो. आकडे गायकागणिक इकडेतिकडे होतात, तोंडी गाण्याचं ते चालायचंच. पण मी ऐकलेल्या पाठात एक आकडा फार नेमका आहे. सदतिसाव्या फेरीपर्यंत कधी हा, कधी तो, कोण जिंकणार सांगता येत नाही. तेवढ्यात रशियन आपल्या माणसांना हाक मारून पेलाभर वाइन मागतो. मॉरिसी हसतो. त्या हसण्यात निकाल लागला, हे आपल्याला गुद्दा पडायच्या आधीच कळतं. अडतिसाव्या फेरीत छातीवर, काळजाच्या जागी एकच ठोसा. नस उघडायला वैद्याला बोलावतात, आणि तो मान हलवतो : हा पुन्हा लढणार नाही.

तो पेला मला फार आवडतो. थकव्याचं वर्णन करायला कवीला पन्नास विशेषणं मिळाली असती; त्याने एक तहान ठेवली. आणि गाणं संपतं तेही भरलेल्या पेल्यांवरच, जिंकणाऱ्याच्या नावाने. एक पेला हरणाऱ्याचा, एक त्याच्या हरण्यावर पिणाऱ्यांचा. पहिला थकून मागितलेला, दुसरा ओरडून उंचावलेला. हे मुद्दाम साधलंय की गाताना आपसूक साधलं, कोण जाणे. पिढ्यान्‌पिढ्या घासत आलेल्या गाण्यात हा प्रश्न फार विचारू नये.

आता मॉरिसीकडे येऊ. माणूस खरा आहे. जन्म १८३१ चा, आयर्लंडमधल्या टेंपलमोरचा. आईबापांनी तो लहान असतानाच त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या कारखान्यांच्या गावी आणलं. पोर कामाला लागलं ते कारखान्यातच. तरुणपणी एका मारामारीत शेगडी उलथली, निखारे जमिनीवर सांडले, आणि प्रतिस्पर्ध्याने मॉरिसीला त्यांवर उताणा दाबून धरला. पाठीचं मांस जळून धूर निघू लागला तरी हा लढतच राहिला आणि उठून जिंकला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं ‘ओल्ड स्मोक’. आपल्या तालमीत कुणी असा असता तर त्याला ‘धुरांडं’ म्हटलं असतं, आणि गिरणगावात त्या नावाला मानही मिळाला असता.

त्याच्या तीन लढती गाजल्या, आणि तिन्हींना काहीतरी लागून आहे. १८५२ साली कॅलिफोर्नियात जॉर्ज थॉम्पसनविरुद्ध जिंकला, तो थॉम्पसनने नियम मोडला म्हणून. १८५८ साली जॉन हीननला हरवलं, पण हीननचा हात आधीच रिंगणाच्या खांबावर आदळून निकामी झाला होता. आणि या दोहोंमधली, त्याला विजेतेपद देणारी लढत १२ ऑक्टोबर १८५३ ची, ‘यँकी’ सलिव्हनशी. जागा बोस्टन कॉर्नर्स. तेव्हा ती कागदोपत्री मॅसॅच्युसेट्स राज्याची होती, पण मध्ये डोंगर आडवा आल्याने तिथल्या पोलिसांना पोहोचणं कठीण. न्यूयॉर्कच्या पोलिसांची तिथे हद्द नाही. बेकायदा लढतीला याहून सोयीची जागा कुठली? नियम १८३८ सालच्या लंडन प्राइझ रिंगचे : हातमोजे नाहीत, फेरीला ठराविक वेळ नाही, कुणी खाली पडला की फेरी संपली. अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि मग आठ सेकंदांत मधल्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं. न आला तर हरला. सलिव्हन वयाने मोठा आणि वजनाने कमी, तरी त्याने मॉरिसीला तासभर धुऊन काढलं. मग रिंगणात दोन्हीकडची माणसं घुसली, सलिव्हन मॉरिसीच्या साथीदारांवर तुटून पडला, आणि वेळेची हाक आली तेव्हा रेघेपाशी एकटा मॉरिसी उभा होता. पंचाने निकाल त्याच्या बाजूने दिला.

फेरी सदतिसावी.

इथे मला गाण्याचा गाभा दिसतो. अशी रशियन खलाशाशी लढत मॉरिसीच्या नोंदींत नाही. टिएरा देल फ्युएगोत तर नाहीच. पण सदतीस हा आकडा जिथे खरी लढत गोंधळात संपली तिथलाच आहे. पोवाड्याने तो उचलला, सदतिसाव्या फेरीपर्यंत सगळं अधांतरी ठेवलं, आणि मग आपल्या पदरची एक फेरी जास्त लढवली. जी बोस्टन कॉर्नर्सला झालीच नाही ती. तीत कुणी नियम मोडत नाही, खांब मध्ये येत नाही, गर्दी रिंगणात घुसत नाही. समोरासमोर, छातीवर, एक ठोसा. निकाली. हा मेळ योगायोगाचा आहे असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या पेल्याजवळ येऊन थांबणारा कवी आकडे उगाच टाकणारा वाटत नाही.

आणि प्रतिस्पर्धी रशियनच का? क्रिमियाचं युद्ध १८५३ ते १८५६ चं, तेव्हा वर्तमानपत्रांतून रशियन नावाचा राक्षस घरोघरी पोहोचला होता, हे एक कारण असावं. मला दुसरं जास्त पटतं. ज्यांना हरवून मॉरिसी मोठा झाला ते सगळे जवळपास त्याचेच. यँकी सलिव्हनच्या नावात यँकी असला तरी जन्माने तो आयरिशच. हीनन आयरिश आईबापांचा आणि मॉरिसीसारखाच ट्रॉयचा. म्हणजे ज्या खानावळीत हे गाणं गायचं, तिथल्या निम्म्या बाकांवर हरलेल्याची माणसं बसलेली असणार. त्यांच्यासमोर ओरडून पेला कसा उंचावणार? म्हणून समोर असा कुणी हवा ज्याचं त्या शहरात कुणीच नाही. नाव नाही, गाव नाही, नातेवाईक नाही, नुसता खलाशी. गिरणगावाला हे समजावून सांगावं लागत नाही. संपात दारावर उभा असलेला आणि दार ओलांडून आत जाणारा, दोघे एकाच तालुक्याचे, कधी एकाच गाळ्यात वळकटी टाकणारे. त्या भांडणाचा पोवाडा गाणं फार अवघड. परक्यावरचा सोपा.

गाण्याची एक बाजू मला आवडत नाही तीही सांगतो. शेवटी हरवलेल्यांची यादी येते : थॉम्पसन, यँकी, हीनन, सगळ्यांना वीराने लोळवलं. तीन डागाळलेले विजय एका ओळीत धुऊन, इस्त्री करून मांडलेले. पोवाड्याचा हा जुना दोष आहे, आपल्याही. रशियन हरवायला कल्पना लागली; ही यादी करायला नुसती भिडस्त स्मरणशक्ती पुरली.

गाणं जिथे थांबतं तिथून मॉरिसीचं दुसरं आयुष्य सुरू होतं. तो निवडणुकीत उतरला, आणि त्याची तयारी मुठीच्या दिवसांतच झालेली होती. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आयरिश जहाज लागलं की उतरणाऱ्या माणसाला खोली, काम आणि पक्ष, तिन्ही एकाच हाताने मिळत. त्या हातांतला एक मॉरिसीचा. मतदानाच्या दिवशी पेटी राखायला आणि पळवायलाही अशीच माणसं लागत. विरोधी टोळीचा म्होरक्या बिल पूल याला १८५५ साली गोळी लागली ती या वैरातूनच. पुढे मॉरिसीने जुगाराचे अड्डे काढले, बक्कळ पैसा केला, आणि १८६३ साली सॅराटोगा इथे घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. तिथे आजही शर्यती होतात. १८६७ ते १८७१ तो अमेरिकी काँग्रेसमध्ये होता. तिथे फार काही गाजवलं नाही.

भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कोकणी माणसाचीही सोय अशीच लागायची : गावकीचा गाळा, खानावळ, जॉबरची ओळख, आणि तालीम. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावच्या दादांचा आणि तालमींचा संबंध बारकाईने मांडला आहे. घोडपदेवचे केशवदादा बोरकर त्यातले ठळक. तालीम त्यांच्या ताब्यात, आणि कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनशी त्यांचा उभा दावा. पुढच्या पिढीत लालबागचे कम्युनिस्ट कृष्णा देसाई नगरसेवक झाले, १९६७ साली आमदार झाले, आणि ५ जून १९७० ला त्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी हरल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. आणि चिंचपोकळी याच नावाच्या मतदारसंघाने २००४ साली गँगस्टर अरुण गवळींना निवडून दिलं. बाहेरच्यांना हे कसं झालं ते कळेना, आणि इथल्यांना त्यात न कळण्यासारखं काय आहे ते कळेना. पुढच्या फेररचनेत तो मतदारसंघच गेला.

पण या कुणाच्या नावावर गदा किंवा पट्टा नव्हता. मॉरिसीच्या अगदी शेजारी बसेल असा आपल्याकडचा माणूस सांगलीचा : संभाजी पवार. पैलवान, लोकांनी दिलेलं नाव ‘बिजली मल्ल’. १९८६ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्याच सांगलीत त्यांचे पुतणे विष्णुअण्णा पाटील यांना पाडलं आणि पुढे एकूण चार वेळा आमदार झाले. ‘पाडलं’ हे मी सहज लिहून गेलो. आपल्या भाषेत निवडणूक दुसऱ्या शब्दांनी सांगताच येत नाही. आखाड्यात उतरतात, शड्डू ठोकतात, लंगोट कसतात, धोबीपछाड देतात, चितपट करतात. ज्याने कधी लाल माती अंगाला लावली नाही अशा वकिलालाही बातमीदार लंगोट नेसवतो. म्हणून पैलवान खरोखर उभा राहतो तेव्हा गंमत होते : तेच शब्द एकदम खरे होतात. ‘बिजली’ या नावात कुस्तीच्या वेगाचं कौतुक आहे, आणि बलाढ्य घराण्यावर अचानक पडलेला निकालही त्यातच मावतो. एका नावाचं एवढं सोनं झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

मॉरिसीच्या राजकारणावर असा पोवाडा मला भेटलेला नाही. असता तर एक प्रसंग त्यात हवाच होता. न्यूयॉर्कचा महापौर विल्यम विकहॅम याने नियम काढला : भेटायचं असेल तर आधी आपलं कार्ड आत पाठवा. गल्लीतल्या कार्यकर्त्याकडे कसलं कार्ड? एक दिवस मॉरिसी लांब शेपटीचा कोट, पांढरे हातमोजे, चकाकते बूट असा सजून महापालिकेजवळ हिंडताना दिसला. काखेत फ्रेंच शब्दकोश. लग्नाला निघालास का, असं कुणी विचारलं. तो म्हणाला, छे, आता महापौराला भेटायचं तर असा पोशाख लागतो आणि फ्रेंच बोलावं लागतं. शहरभर हशा पिकला. त्याच्या पक्षात तेव्हा दोन तट होते : शेपटी कोटवाले, आणि मॉरिसीच्या मागचे बारीक केस कापलेले. मंत्रालयाच्या दाराशी चिठ्ठी पाठवून ताटकळलेल्या कुणालाही ही नक्कल समजेल. यात एकही गुद्दा नाही आणि अंगाचा मात्र पुरेपूर वापर आहे. रिंगणातली सगळी विद्या त्याने एका कोटात घातली.

टॅमनी हॉलचे, म्हणजे त्या शहरावर राज्य करणाऱ्या पक्षयंत्राचे नेते जॉन केली यांच्याशी त्याचं बिनसलं आणि पक्षाने त्याला बाहेर काढलं. १८७५ साली तो पक्षाच्या विरोधात उभा राहून राज्याच्या सिनेटवर निवडून आला. जिंकला, पण पुन्हा तेच : लोक म्हणाले, त्याच्याच वस्तीतून निवडून आला, तिथे दुसरा कोण येणार? सदतिसावी फेरी त्याचा पिच्छा सोडत नव्हती. म्हणून १८७७ साली त्याने जुना मतदारसंघ सोडला आणि शहरातल्या श्रीमंतांच्या मतदारसंघात, शेपटी कोटांच्या गल्लीत अर्ज भरला. समोर टॅमनीचा मातब्बर ऑगस्टस शेल. तिथली भाषा येत नाही, मतदार आपले नाहीत, गल्ली आपली नाही. तिथे तो जिंकला. कुणी नियम मोडल्याचं, खांब मध्ये आल्याचं कुणाला म्हणता येईना.

प्रचाराने तब्येत गेली ती गेलीच. १ मे १८७८ ला सॅराटोगात न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. वय सत्तेचाळीस.

हीनीच्या परंपरेत एक प्रथा आहे. गाण्याचे अगदी शेवटचे शब्द अनेकदा गायले जात नाहीत, नुसते बोलले जातात. एवढा वेळ धरलेला सूर गायक हातातून सोडून देतो आणि आवाज एकदम घरातला होतो, शेजारच्या बाकावरच्या माणसाशी बोलावं तसा. आपला शाहीर शेवटी स्वर चढवतो, हे लोक उतरवतात. मॉरिसीचं नाव आणि त्याच्या नावाने भरलेला पेला, हे त्या उतरत्या आवाजात ऐकलं की वाटतं, आता कुणीतरी बाक सरकवून जागा करील आणि विचारील, बरं, पुढे काय झालं त्याचं?